कंदिलाची घडणावळ



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमच्या नावापुढे 'कंदील' हा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो महागाई भत्त्यावर बोलणार, नाही तर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, अशी समजूत असते. आणि ती बहुधा खरीही ठरते. आज आम्ही खरोखरच कंदिलावर बोलणार आहोत. बोलता बोलता मजुरीकडे वळलो तर तो आमच्या धंद्याचा गुण समजून सोडून द्यावे. आमचे शाळेतले शिक्षण थोडके. पुढचे सारे संघटनेच्या कचेरीत, कायद्याच्या पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून झाले. त्यामुळे पंडिती विवेचनाची अपेक्षा आपण करणार नाही, असा भरवसा आहे.

विषय सुचला तो असा. आपल्या जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ आहे. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव. तेथे जाऊन आलेल्या आमच्या ओळखीच्या काही मंडळींच्या मनात आले की, अशा जुन्या स्थळाच्या प्रवेशद्वाराशी बाजारातून आणलेला कसलाही दिवा नसावा. तेथे खास घडवून घेतलेला, धातूचा, पिढ्यान् पिढ्या टिकणारा कंदील असावा. अजून हे मनातलेच आहे, तेव्हा कोणी वर्गणीची पावती शोधू नये. पण आम्ही लोखंडाच्या गावात हिंडणारे, म्हणून त्यांनी आम्हांस विचारले की असा कंदील घडवून कोठे मिळेल आणि खर्च काय येईल. आम्ही चौकशीला निघालो. पहिल्याच दुकानात कागदावरची आकृती पुढे केली, तर दुकानदाराने आकृतीकडे न पाहताच विचारले, "वजन किती भरेल?"

हा प्रश्न त्या एका दुकानदाराचा नव्हे. धातूच्या घडीव वस्तूची किंमत वजनावर करावयाची, हे आपल्या बाजाराच्या हाडामासी खिळले आहे. आपणही लग्नातला हंडा असाच घेतो आणि जुना हंडा मोडीत असाच घालतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की, दाराशी टांगावयाच्या कंदिलाला हा हिशेब लावला तर कंदील चांगला होणार नाही, आणि तो घडवणारा माणूस पुढच्या पिढीत उरणार नाही. ते कसे, हे आता सांगतो.

प्रथम जांबेविषयी थोडे. समर्थांचा जन्म शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ मधील रामनवमीचा, घराणे ठोसरांचे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे वळवावे, ओळी कशा सरळ राखाव्यात, लेखण्या, चाकू, शाई, कागद हे सारे साहित्य कसे सिद्ध ठेवावे, याचा तेथे बारकाईने विचार केला आहे. परमार्थाच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात शाई आणि चाकूला जागा मिळाली, हे आम्हां हातावर पोट असणाऱ्यांना फार मोलाचे वाटते. हत्यार नीट नसेल तर काम नीट होत नाही, हे ज्याला ठाऊक होते त्याच्या जन्मगावी लागणारी वस्तू हाताने आणि मन लावून घडवलेली असावी, ही मंडळींची इच्छा आम्हांस योग्य वाटली.

दुसरी गोष्ट अधिक अलीकडची. ऑगस्ट २०२२ मध्ये याच गावच्या राममंदिरातून पंचधातूच्या प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या. जिल्हा हळहळला, विधानसभेतही तो विषय निघाला, आणि पुढे त्याच वर्षी पोलिसांनी तपास लावून मूर्ती हस्तगत केल्या. त्या दिवसांत हळहळणाऱ्या माणसांपैकी कोणी विचारले नाही की मूर्ती किती किलोच्या होत्या. फार काय, चोरांनीही त्या मोडीच्या भावासाठी नेल्या नसणार. मूर्तीचे मोल तिच्या घडणीत, जुनेपणात आणि लोकांच्या श्रद्धेत असते, हे चोरालाही कळते. बाजाराला तेवढे कळत नाही. (कंदील लावला म्हणजे चोरी टळेल, असे मात्र कोणी समजू नये. त्याला कुलूप, राखणदार आणि कॅमेरेच लागतात. कंदिलाचे काम वेगळे आहे. आलेल्या माणसाला पायरी दिसावी आणि समोरच्याचा चेहरा दिसावा, एवढ्यासाठी तो असतो. झगझगीत फोकसाने डोळे दिपतात आणि त्यामागचा अंधार अधिकच दाट होतो.)

आता कंदिलाची कुळी पाहू. जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या दाराशी मशाल, दिवटी, हिलाल असत. तेल करडईचे, एरंडाचे, जवसाचे. वाऱ्यापासून ज्योत राखावयाची तर काचेचा फाणस लागे, आणि तो मोठ्या घरची वस्तू. रॉकेल आले, आणि त्याच्यामागून अमेरिकेचा डिट्झ आणि जर्मनीचे कंदील आले. दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून हवा खाली ज्योतीपर्यंत न्यावयाची, म्हणजे वाऱ्याचा झोत आला तरी दिवा विझत नाही, ही त्यांतली युक्ती. स्वदेशीच्या लाटेत आपल्या लोकांनी हे काम अंगावर घेतले. पैसाफंडाच्या वर्गणीतून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला. १९१६ मध्ये ओगले मंडळींचा कारखाना स्थापन झाला, कऱ्हाडजवळ ओगलेवाडी वसली, आणि तेथून 'प्रभाकर' कंदील गावोगाव गेला. आमच्या वयाच्या खेड्यातल्या माणसाने अभ्यास केला असेल तर बहुधा अशाच एखाद्या कंदिलाच्या उजेडात केला असेल. कारखाना आता बंद पडला आहे. नाव राहिले आहे.

प्रभाकर कंदील स्वस्त पडे तो कशामुळे? एकच ठसा हजारो पत्र्यांवर पडे, म्हणून. ठसा घडवण्याचे श्रम हजारो नगांवर वाटले जात. प्रवेशद्वाराच्या कंदिलाचे गणित नेमके उलटे आहे. तो एकच नग. त्याचा नमुना, त्याचे फर्मे, त्याच्या चुकलेल्या कापाचा पत्रा, हे सारे त्या एकाच कंदिलाच्या अंगावर पडते. दोन वस्तू एकाच नावाच्या. पण एकीचा हिशेब दुसरीला लावता येत नाही.

तर असा कंदील घडतो कसा? आम्ही यासाठी पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीत जाऊन आलो. पेशवाईत कोकणातून येऊन वसलेली ही त्वष्टा कासारांची वस्ती. पूर्वी घरोघर चालणारे काम आज थोड्या घरांत उरले आहे; हातोड्याचा आवाज मात्र अजून ऐकू येतो. तेथल्या एका वयस्क कारागिरापुढे आम्ही आकृती ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "भाऊ, दार किती उंच आहे?" आम्हांस बरे वाटले. वजनाऐवजी दाराची चौकशी करणारा पहिला माणूस भेटला होता.

दहा फुटांच्या दाराला अडीच फुटांचा, फार तर तीन फुटांचा कंदील शोभतो, असे त्यांचे म्हणणे पडले. कागदावर मोठा वाटणारा कंदील दाराशी टांगला की चिमणीएवढा दिसतो. म्हणून आधी पुठ्ठ्याचा, खऱ्या मापाचा कंदील करावयाचा, दिवेलागणीला जागेवर टांगावयाचा आणि रस्त्यावरून, पायरीवरून, आतल्या बाजूने पाहावयाचे. या पुठ्ठ्याच्या कंदिलाचे वजन काहीच नसते. म्हणजे वजनाच्या हिशेबात त्याची मजुरीही काही नाही! आणि कंदील साधणार की फसणार, हे तर तेथेच ठरते.

मग धातू. सांगाडा पितळेचा करावा आणि वरची टोपी तांब्याची, कारण खोल आकार द्यावयाचा तर तांबे हाताला अधिक वश होते. साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतात. पितळेचा असा एक चौरस मीटर पत्रा साडेदहा किलोच्या आसपास भरतो. पत्रा ठोकत गेले की तो कठीण होत जातो, आणि तसाच ठोकत राहिले तर चिरतो. म्हणून थांबावयाचे, भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवावयाचा, मऊ करावयाचा, वर आलेली काजळी चिंचेच्या पाण्याने काढावयाची आणि पुन्हा ठोकावयास बसावयाचे. एका टोपीला अशा कितीतरी खेपा होतात. शेवटी मठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक असे सारख्या मापाचे ठोके देत जावयाचे. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. पण त्या ठोक्यांनी पत्रा ताठ होतो आणि भांडे आकार धरून राहते. प्रत्येक ठोक्याची छोटी वाटी उजेड वेगळा परतवते, ही त्यावरची शोभा. ठोके मोजून कोणी पैसे देत नाही.

सांधे दोन प्रकारांनी करतात. जेथे भार येतो तेथे रिबीट आणि टाकणखार लावून पितळी झाळ. जेथे नुसती फट बुजवावयाची तेथे कथील-शिशाचा डाख चालतो. डाख १८३ अंशांच्या आसपासच वितळतो आणि त्याच्या अंगी जोर नसतो. त्याच्यावर कंदिलाचा भार सोपवणे म्हणजे माणसांच्या डोक्यावर पितळ टांगून ठेवणे. वरून दोन्ही सांधे सारखेच चकाकतात. स्वस्तात करून देणारा येथेच हात मारतो, आणि गिऱ्हाइकाला ते दहा वर्षांनी कळते.

काच बसवताना खोबणीत थोडी मोकळीक ठेवावी लागते, कारण उन्हाने पितळ काचेच्या सुमारे दुपटीने प्रसरण पावते. आपल्या मराठवाड्याच्या वैशाखात घट्ट बसवलेली काच तडकलीच म्हणून समजा. सहांपैकी एका काचेला बिजागरी हवी, म्हणजे दिवा बदलता येतो आणि आत गेलेले किडे काढता येतात. तळाला पाणी गळून जाण्यासाठी भोके हवीत आणि टोपीखाली वारा खेळण्यासाठी फट. आत ज्योत नसून विजेचा एलईडी दिवा असला तरी त्यालाही उष्णता असते, आणि कोंडली तर तो लवकर मरतो. उजेड पिवळसर, २७०० केल्विनच्या आसपासचा घ्यावा; पांढऱ्या उजेडात दगड आजारी दिसतो. हे मत आमचे. कोणाचे वेगळे असेल.

टांगण्याची बाब दिसते क्षुल्लक, पण नुकसान तेथेच होते. दगडात लोखंडी खुंटी ठोकली की ती कधी ना कधी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो, आणि दगड आतून फुटतो. अथेन्सच्या पार्थेनॉनवर हेच घडले. १८९८ नंतर बालानोस नावाच्या अभियंत्याने तेथे डागडुजी केली आणि संगमरवर लोखंडी पकडींनी जोडला. पुरातन ग्रीक कारागीर लोखंडाभोवती शिसे ओतून ते पाण्यापासून राखत असत; ती काळजी या डागडुजीत घेतली गेली नाही. पकडी गंजल्या आणि दोन हजार वर्षे टिकलेला दगड तडकू लागला. १९७५ मध्ये समिती नेमून सुरू झालेल्या कामात ते लोखंड उपसून काढून टायटॅनियम बसवावे लागले. जुन्या कारागिराला अडाणी समजणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी. आपल्याकडे एवढे करावे की कोरीव दगडाला भोक पाडू नये. दगडांच्या दरजेत, चुन्यात, न गंजणाऱ्या पोलादाची कडी बसवावी आणि कंदिलाच्या पाचपट वजन टांगून ती आधी पारखावी. वास्तू कायद्याने संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घेतल्यावाचून खिळाही मारू नये.

आता हिशेब. त्या कारागिरांनी बोटांवर मोजून सांगितले की पुठ्ठ्यापासून टांगण्यापर्यंत एक कारागीर आणि एक हाताखालचा, असे दोघे बावीस दिवस लागतील. धातू भरेल चौदा किलो, काच वेगळी. मग आम्ही विचारले, चौदा किलोचे हंडे करावयाचे तर किती दिवस? म्हणाले, "पाच दिवस पुरे." म्हणजे वजनावर घडणावळ दिली तर पाच दिवसांचे दाम मिळते आणि सतरा दिवस फुकट जातात. त्या सतरा दिवसांचे कोणी काय करतो? तो पत्रा पातळ घेतो, मऊ करण्याच्या खेपा गाळतो, झाळेच्या जागी डाख देतो. किंवा तो प्रामाणिक असतो. मग तो काम नाकारतो आणि मुलाला रिक्षा घेऊन देतो. तांबट आळी ओस पडते ती बहुतेक या दुसऱ्या वाटेने. स्टेनलेसच्या भांड्यांना दोष देणे सोपे आहे, आणि त्यात तथ्यही आहे; परंतु ज्या कामात स्टेनलेसची स्पर्धाच नाही, तेथेही आपण किलोचाच भाव विचारतो, त्याचे काय?

एक किंमत तर कोणत्याच हिशेबात येत नाही. वसंतात झाडावर बसून टुक टुक असा एकसुरी आवाज काढणाऱ्या पक्ष्याला आपण तांबट म्हणतो. नाव मोठे गोड आहे. पण ज्या माणसावरून ते पडले त्याला उतारवयात तो पक्षी बहुधा ऐकू येत नाही. १७०० साली रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने व्हेनिसच्या तांबटांविषयी नोंदले आहे की दिवसभर ठोकून त्यांचे कान दुखावतात आणि म्हातारपणी ते बहिरे होतात. तीनशे वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट छापील आहे. आपल्याकडेही गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक रोग म्हणून दाखल झाले. परंतु कायदा लागू होण्यासाठी त्यात विजेवर चालणाऱ्या कामाला दहा माणसांची आणि विजेविना चालणाऱ्या कामाला वीस माणसांची अट होती, आणि २०२० च्या संहितेने ते आकडे वीस आणि चाळीसवर नेले. बाप, मुलगा आणि एक हाताखालचा, एवढ्यांनी चालणारे घर त्यात कधीच बसत नव्हते. आता तर आणखी लांब पडले. आम्ही त्या कारागिरांशी बोलताना प्रत्येक प्रश्न दोनदा विचारत होतो. त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काका, डाव्या बाजूला बसा. त्या कानानं अण्णांना थोडं ऐकू येतं."

आपल्या जालन्यात तरी काय निराळे आहे? येथे देशभरचे भंगार येते, भट्टीत वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. सगळे टनावर. कितीतरी ठिकाणी कंत्राटदाराचे दामही टनावर, आणि म्हणून कामगाराची घाईही टनावर. ऑगस्ट २०२४ मध्ये येथल्याच एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार होरपळले. महिन्याच्या टनांच्या तक्त्यात अशा भाजण्याला रकाना नसतो. एवढे पोलाद करणाऱ्या जिल्ह्याला एक कंदील घडवण्यासाठी पुण्याला जावे लागते, याचे आम्हांस वाईट वाटले. तरी येथल्या वर्कशॉपांत हाताला वळण असलेली पोरे आहेत. साखळी, कडी आणि कंस ती उत्तम करतील. निदान तेवढे काम जिल्ह्यातच द्यावे. आणि कंदील पुण्यात होत असेल तर येथले एक पोर बावीस दिवस हाताखालचा म्हणून तेथे पाठवावे, त्याचा रोज आणि राहण्याचा खर्च कंदिलाच्या खर्चात धरून.

मंडळींना आम्ही पुढीलप्रमाणे सांगितले आहे. करार लेखी करा. धातूचे पैसे वेगळे, पावतीसह. उरलेला कातर कोणाचा, ते आधी लिहा. घडणावळ दिवसांवर द्या, दोघांची, आणि पुठ्ठ्याच्या कंदिलाचे दिवसही धरा. एक तृतीयांश आगाऊ द्या, म्हणजे कारागिराला पत्रा आणण्यासाठी सावकाराकडे जावे लागणार नाही. झाळेचे सांधे काच बसण्यापूर्वी जाऊन पाहा. कानांत घालावयाच्या बोंडांची किंमतही त्यात लिहा. ती कंदिलाच्या एका साखळीपेक्षाही कमी आहे. वर्गणी देणाऱ्यांची नावे कंदिलावर नकोत, ती वहीत पुरेत. कंदिलाच्या तळपट्टीवर आतल्या बाजूने साल, गाव आणि घडवणाऱ्याचे नाव कोरावे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर पोर्तुगिजांच्या घंटा आपल्या देवळांतून ठिकठिकाणी लागल्या. त्या ओतणाऱ्यांची नावे दर्शनाला येणाऱ्यांपैकी किती जणांनी ऐकली आहेत? नावाचे आम्ही पुण्याच्या त्या कारागिरांनाही विचारले. आमचा प्रश्न त्यांना दुसऱ्यांदा ऐकू आला, तेव्हा ते जरा थांबून म्हणाले, "घालायचंच तर हाताखालच्या पोराचंही घाला."

राहता राहिली निगा. पितळेवर जंगाल चढते. ते रोज घासून काढू नये, मठारकाम झिजते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी, कंदील उतरवून काच पुसावी, कडी आणि साखळी तपासावी, तळाची भोके मोकळी करावीत. हे काम ज्याने कंदील घडवला त्याच्याकडेच द्यावे, जाण्यायेण्याच्या भाड्यासकट आणि दोन दिवसांच्या रोजासकट. शिडी तेवढी गावाने द्यावी, आणि ती धरायला दोन माणसे.